बंद स्पीकरवरची अनाउन्समेंट

सुरुवातीलाच सांगते – माझा या गोष्टींवर विश्वास नव्हता. 'नव्हता' असं लिहिलं खरं, पण आज आहे का, तेही मला धड सांगता येणार नाही. आमचे वडील प्राथमिक शिक्षक. गावात कुणाच्या अंगात आलं असं कळलं की ते सायकल काढून समजूत घालायला निघायचे. आमच्या घरात कधी दृष्ट काढली गेली नाही, की नारळ उतरवून टाकला गेला नाही. मी स्वतः गेली बावीस वर्षं दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीत आहे. फाइलवर नसेल ते घडलंच नाही, असं मानणाऱ्या लोकांत माझा दिवस जातो. या ग्रुपवरचे अनुभव मी जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता वाचते, आणि खरं सांगते, बरेचदा मनातल्या मनात हसते. म्हणूनच स्वतःचं लिहायला हात धजत नव्हता. पण दोन वर्षं झाली… आता हे एकटीनं सांभाळायचा कंटाळा आलाय.

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. दक्षिण दिल्लीतलं मोठं हॉस्पिटल आहे, आमच्या आर. के. पुरमच्या क्वार्टरपासून ऑटोनं वीस मिनिटांवर. तिथल्या कुणाबद्दल माझी तक्रार नाही, उलट तिथल्या डॉक्टरांमुळेच…  पण ते पुढे येईल.

आधी ताईबद्दल सांगायला हवं. शालनताई माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. मी सहा वर्षांची असताना आई गेली, त्यानंतर माझी वेणी घालण्यापासून माझं लग्न लावून देण्यापर्यंत सगळं तिनं केलं. तिला स्वतःला मूलबाळ झालं नाही, भावोजी लवकर गेले. ती करमाळ्याच्या एसटी स्टँडवर नोकरीला होती – वाहतूक नियंत्रक. म्हणजे काचेच्या केबिनमध्ये बसून गाड्यांची नोंद ठेवायची आणि माइकवरून पुकारा करायचा. "जामखेडकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे." छत्तीस वर्षं! तालुक्यातल्या निम्म्या लोकांनी तिचा चेहरा पाहिला नसेल, पण आवाज सगळ्यांना ठाऊक. तिची एक सवय होती. बोलण्याआधी माइकवर नखानं दोनदा टक्-टक् करायची, मग "लक्ष द्या" म्हणायची, आणि प्रत्येक पुकारा दोनदा. घाई नाही, चढउतार नाही. गाडी चार तास लेट असो नाहीतर समोर दोन कंडक्टर भांडत असोत, आवाज तोच.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी तिला पुन्हा अंगावरून जायला लागलं. पाळी बंद होऊन सात-आठ वर्षं झालेली. तिनं कुणाला सांगितलं नाही. उन्हामुळे असेल, वयामुळे असेल, रिटायर झाल्यावर बघू… असं करत सात महिने अंगावर काढले. मला कळलं तेव्हा मी तिला सरळ दिल्लीला घेऊन आले. तपासण्या झाल्या. गर्भाशयाचा कॅन्सर, आणि तो गर्भाशयात राहिलेला नव्हता. मागे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात शिरला होता, पुढे मूत्राशयाला चिकटला होता, पोटातल्या चरबीच्या पडद्यावरही एक गाठ होती. लिव्हर आणि फुफ्फुसं मात्र स्वच्छ होती. डॉक्टर ते तीन वेळा म्हणाले, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

आधी सहा किमो झाल्या. त्या दिवसांबद्दल फार लिहीत नाही, ज्यांच्या घरात झालंय त्यांना माहीत आहे. ऑफिस, किमो, मुलीची बारावी, पुन्हा ऑफिस. मी कुठल्या दिवशी काय खाल्लं हेसुद्धा आठवत नाही. सहाव्या किमोनंतरच्या स्कॅनमध्ये गाठी आकसलेल्या दिसल्या आणि आमच्या सर्जननी ऑपरेशनचं सांगितलं. पन्नाशीचे, अगदी हळू बोलणारे गृहस्थ. ओपीडीच्या कागदामागे त्यांनी पेननं पोटाचं चित्र काढलं आणि कुठून कुठे कापायचं ते दाखवलं. गर्भाशय, दोन्ही बीजकोश, चरबीचा पडदा, आतड्याचा तो भाग. आतड्याचं तोंड पोटावर काढणार आणि तिथे कायमची पिशवी.

"और पेशाब की थैली?" मी विचारलं.

"उम्मीद है कि छूट जाएगी," ते म्हणाले. "छील के अलग हो गई तो अच्छा. नहीं हुई, तो वो भी निकालनी पड़ेगी, और फिर दूसरा बैग लगेगा. देखिए, ये ऑपरेशन तभी काम का है जब पीछे कुछ न छूटे. आधा करने का कोई फायदा नहीं."

ताई सगळं ऐकत होती. तिचं हिंदी बेताचंच, पण समजायचं सगळं. आमच्याकडे गर्भाशयाला बायका पिशवीच म्हणतात. ती माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "म्हणजे एक पिशवी काढायची आणि दोन लावायच्या. हिशेबात काहीतरी चुकतंय ह्यांच्या." मी हसले नाही. डॉक्टरांनी विचारलं, काय म्हणतायत? मी भाषांतर केलं, तर ते मात्र हसले.

मग ताईनं तिच्या मोडक्या हिंदीत त्यांना सांगितलं, "टेबल पर कुछ ऐसा निकला, तो इसको पूछो. ये जो बोलेगी वो मेरा बोलना." डॉक्टरांनी तसं फाइलवर लिहून घेतलं, तिची सही घेतली.

परत येताना ऑटोत ती बराच वेळ बाहेर बघत होती. मुनिरकाचा सिग्नल लागला तेव्हा म्हणाली, "एक चालेल. दोन नको गं बेबी. दोन दोन पिशव्या लोंबकळत जगायचं नाही मला."

मी "हो" म्हणाले.

आणि दोनच दिवसांनी, ॲडमिट व्हायच्या आदल्या संध्याकाळी, माझ्या मुलीच्या केसांना तेल लावता लावता तिला सांगत होती, "कॉलेजची पहिली सुट्टी लागली की तू माझ्याकडे करमाळ्याला यायचं. तुला उजनीचे फ्लेमिंगो दाखवते." मी स्वयंपाकघरात पोळ्या करत होते. तवा तापत राहिला आणि मी तशीच उभी. ह्यातलं कुठलं खरं धरायचं?

ऑपरेशनचा दिवस मार्चमधला, होळी नुकतीच झालेली. सकाळी साडेसातला तिला आत नेलं. थिएटर दुसऱ्या मजल्यावर. बाहेर नातेवाइकांसाठी एक लांबट हॉल – तीन-तीनच्या स्टीलच्या खुर्च्या, एक वॉटर कूलर, आणि दोन दरवाजे. एक नंबरमधून पेशंट आत जातात, दोन नंबरमधून डॉक्टर-नर्स ये-जा करतात. एक नंबरच्या बाहेर गार्ड बसतो, आत कुणाला माणूस हवा असला की तो पेशंटचं नाव घेऊन हाक मारतो. दरवाज्याच्या वर भिंतीत एक करडा, चौकोनी स्पीकर आहे. सकाळपासून मी त्याच्याकडे दोन-तीनदा बघितलं असेल, बसून बसून माणूस आणखी काय करणार! त्यातून काही आवाज आल्याचं मला आठवत नाही.

माझ्या शेजारी रेवाडीकडचे एक म्हातारे गृहस्थ होते. रामफलजी. त्यांच्या बायकोचं जबड्याचं ऑपरेशन चाललं होतं. डोक्याला पांढरी पगडी, मांडीवर संत्र्यांची पिशवी. प्रत्येक संत्रं सोलून ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटायचे आणि स्वतः एकही फोड खात नव्हते. मला म्हणाले, "खा लो मैडमजी, भूखे रहने से डाक्टर का हाथ जल्दी ना चालै." मी दोन फोडी खाल्ल्या.

एक वाजता आमचे हे – नितीन – रक्तपेढीकडे गेले. ताईला आणखी रक्त लागेल असा निरोप आला होता, रक्तपेढी दुसऱ्या इमारतीत. मी एकटी राहिले. चार दिवस मी नीट झोपले नव्हते. हे मुद्दाम लिहितेय, कारण तुमच्यातले बरेच जण आता हेच म्हणणार, आणि मीही स्वतःला तेच म्हणत आलेय. डोळे मिटले होते माझे. पण झोप नव्हती. कूलरच्या नळाचा आवाज, मागच्या बाईचं फोनवर कुणाला तरी "अभी कुछ नहीं बताया" म्हणणं, सगळं ऐकू येत होतं.

आणि मग – टक्-टक्.

"लक्ष द्या. बेबी, फलाट क्रमांक तीन. बेबीने ताबडतोब फलाट क्रमांक तीनवर संपर्क साधावा."

थोडं थांबून, पुन्हा तेच. शब्दाला शब्द.

ताईचा आवाज. तिच्यासारखा आवाज नाही, तिचाच. त्या स्पीकरमधून, किंचित खरखर असलेला, स्टँडवर ऐकू यायचा तसा. शेवटच्या 'साधावा'वर ती किंचित रेंगाळायची, तशीच रेंगाळली. मी डोळे उघडले तेव्हा दोन पन्नास झाले होते. समोरच भिंतीवर घड्याळ आहे.

भीती वाटली का? नाही. तेव्हा नाही. लहानपणी तिच्या केबिनबाहेर बाकावर बसून मी अभ्यास करायचे आणि तिनं हाक मारली की उठायचे. तशीच उठले. एवढंच. विचार-बिचार काही केला नाही. गार्डकडे गेले आणि विचारलं, "भैया, तीन नंबर किधर है?"

"तीन नंबर पेशंट वालों के लिए नहीं है मैडम, वो पीछे है. कपड़े-वपड़े का रास्ता है."

म्हणजे तीन नंबर होता. मला हे माहीत नव्हतं. सकाळपासून मी दोनच दरवाजे पाहिले होते.

त्यानं नको म्हणायच्या आत मी चालायला लागले होते. हॉलच्या टोकाला वळण, मग एक अरुंद पॅसेज, हिरव्या चादरींच्या ट्रॉल्या, आणि शेवटी रंग उडालेला दरवाजा. त्यावर ३. मी तिथे पोहोचले आणि त्याच क्षणी ते दार ढकलून आत जात असलेला एक तरुण डॉक्टर मागे वळला. हातात फाइल, कानाला फोन.

"आप शालन जी की…?"

"बहन."

"मैडम, कहां थे आप लोग? दो बार नाम बुलवाया, आपको कितने कॉल किए!" तो वैतागलेला होता, पण वाईट बोलला नाही. माझा फोन पर्समध्ये सायलेंटवर होता. नंतर बघितलं, सहा मिस्ड कॉल. आणि नाव – गार्डकडे चिठ्ठी गेली होती त्यावर 'सालिनी' लिहिलेलं. ते नाव पुकारलेलं मी ऐकलंही असेल, पण ते आमचं आहे हे मला कसं कळणार?

"मैं वापस ही जा रहा था," तो म्हणाला. "सर ने दस मिनट बोला था. रुकिए यहीं."

सर्जन बाहेर आले. मास्क खाली ओढलेला, कपाळावर टोपीचा वळ. सकाळी पाहिलेला माणूस आणि हा, दोघांत दहा वर्षांचं अंतर वाटलं मला. ते भिंतीला टेकून उभे राहिले.

"ब्लैडर नहीं छूट रहा," ते म्हणाले. "हमने डेढ़ घंटा कोशिश की. बीमारी अंदर तक है. बाकी सब निकल गया है. अच्छा निकला है. लिवर मैंने हाथ से देखा, साफ है. बस ये रह गया."

"और छोड़ दिया तो?"

"तो जो किया वो ज्यादा दिन काम नहीं आएगा. निकालूंगा तो आंत के एक टुकड़े से पेशाब का रास्ता बनाना पड़ेगा. दूसरा बैग. हमेशा के लिए." त्यांनी फाइलकडे बोट केलं. "उन्होंने कहा था आपसे पूछूं. बिना पूछे मैं नहीं निकालता."

दोन नको गं बेबी.

मी उभी होते, आणि खरं सांगते, वाट बघत होते. जिनं बोलावलं तिनं पुढचंही सांगावं. मी कान देऊन ऐकत होते अक्षरशः. पॅसेजमध्ये ट्यूबलाइट गुणगुणत होती. दुसरं काही नाही. डॉक्टरांनी घाई केली नाही, पण आत माझी बहीण टेबलावर उघडी होती आणि मी बाहेर तिच्या आवाजाची वाट बघत होते.

शेवटी मीच म्हणाले, "निकाल दीजिए."

"पक्का?"

"हां."

सही करताना तारीख चुकले, खोडून पुन्हा लिहिली. दरवाजा बंद झाला.

परत हॉलमध्ये येऊन बसले. आत्ता भीती वाटायला लागली होती. आवाजाची कमी, केलेल्या गोष्टीची जास्त. रामफलजींनी काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली. मी प्यायले. जरा वेळानं ते म्हणाले,

"मैडमजी, एक बात बताओ. यो फलाट के हो सै?"

मी बाटली खाली ठेवली.

"क्या?"

"फलाट. इब्बे जो बोली कोई लुगाई." आत्ता बोलली ती बाई, म्हणत त्यांनी बोटानं वर स्पीकर दाखवला. "थारी बोली मैं बोली ना? मन्नै तो एक ही लफ्ज समझ मैं आया – तीन. अर वो फलाट-फलाट. फेर थम उठ कै चल दी."

मी म्हटलं, "प्लेटफॉर्म. प्लेटफॉर्म को बोलते हैं हम लोग."

"अच्छा," ते म्हणाले. "टेशन वाला." आणि पुढचं संत्रं सोलायला घेतलं.

आता मंडळी, तुम्ही म्हणाल मी झोपेत बडबडले आणि शेजारी बसून ते त्यांनी ऐकलं. मी त्यांना तेव्हाच विचारलं – मैं बोली थी क्या नींद में? ते म्हणाले, ना, ऊपर तै आई. वरून आला आवाज. आणि दुसरं म्हणजे हा शब्द माझ्या तोंडात राहिलेलाच नाही. बावीस वर्षांत मी प्लॅटफॉर्मच म्हणत आलेय. माझ्या मुलीला तर 'फलाट' म्हणजे काय हे मला समजावून सांगावं लागलं. तीन नंबरच्या दरवाज्याचं तर मला माहीतच नव्हतं, झोपेत तरी कुठून सांगणार?

संध्याकाळी साडेसहाला ऑपरेशन संपलं. अकरा तास. नितीन परत आलेले होते. ताईला आयसीयूत हलवल्यावर मी गार्डला स्पीकरबद्दल विचारलं. तो म्हणाला, "वो? वो तो मैं जब से हूं, बंद है." मी त्याचीच खुर्ची ओढून वर चढून पाहिलं. हो, तशा अवस्थेत, साडी सावरत. मागची वायर कापलेली होती, टोकाला काळी टेप गुंडाळलेली, टेपवर धुळीचा थर. नितीन खाली उभे राहून म्हणत होते, "अगं, उतर, लोक बघतायत."

त्यांना मी घरी येऊन सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं. "तू खूप दमलीयस," म्हणाले. खरंच होतं ते.

रामफलजींच्या बायकोचं ऑपरेशन त्याच दिवशी आमच्या आधी झालं, आणि ते वॉर्डकडे निघून गेले. पुढे दोन-तीनदा कॉरिडॉरमध्ये दिसले, राम-राम झाला. मी विषय काढला नाही. का नाही काढला कोण जाणे! बहुतेक ते "मुझे याद नहीं" म्हणतील अशी भीती वाटत असावी.

ताईची घशातली नळी तिसऱ्या दिवशी काढली. मी भेटायला आत गेले तेव्हा ती जागी होती. मला पाहिलं. मग तिचा हात चादरीखाली गेला. आधी डाव्या बाजूला चाचपला, तिथे थांबला. मग उजव्या बाजूला गेला. तिथेही थांबला. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान भिंतीकडे फिरवली.

पुढे अकरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. नर्सशी बोलायची, नितीनशी बोलायची, व्हिडिओ कॉलवर माझ्या मुलीला पेपर कसा गेला ते विचारायची. मी गेले की डोळे मिटून घ्यायची. मी जायचे, केस विंचरायचे, पाय चेपायचे, निघून यायचे. तिथल्या एका सिस्टरनं आम्हा दोघींना पिशवी बदलायला शिकवली. कातरीनं मापाचं भोक कसं कापायचं, कडेची कातडी कशी कोरडी करायची. तिनं तिच्या बाजूनं शिकून घेतलं, मी माझ्या. एकमेकींकडे न बघता.

घरी आणल्यावर बोलणं सुरू झालं, पण कामापुरतं. "टॉवेल दे." "पंखा कमी कर." मी दोन महिन्यांची रजा घेतली होती. त्या दोन महिन्यांतलं मला फक्त एवढंच आठवतं की मी सतत काहीतरी धूत होते.

आज दोन वर्षं झाली. ताई आहे. करमाळ्यात तिच्या घरी राहते, स्वतःचं सगळं स्वतः करते, दर सहा महिन्यांनी तपासणीला येते. मागच्या स्कॅनमध्ये फुफ्फुसात एक बारीक ठिपका दिसलाय, डॉक्टर म्हणतात लक्ष ठेवू. म्हणजे गोष्ट संपलेली नाही. माझी मुलगी मागच्या हिवाळ्यात तिच्याकडे जाऊन आली. तीन नंबरच्या दाराशी मी हो म्हणाले ते बरोबर की चूक, हे मी आता स्वतःला विचारायचं सोडून दिलंय… निदान रोज विचारत नाही.

आवाजाचं मात्र मी खूप डोकं लावून पाहिलं. कुणी फोनवर मराठी रेकॉर्डिंग लावलं असेल? पण त्यात 'बेबी' कुठून येणार? दुसरीकडच्या यंत्रणेचा आवाज आला असेल? मी चौकशी केली. अनाउन्समेंट फक्त ओपीडीच्या इमारतीत होते, आणि तीही टोकन नंबरची, हिंदी-इंग्रजीत. आणि त्या वेळी ताईच्या घशात नळी होती, भूल पूर्ण होती. भूल देणाऱ्या डॉक्टरांना मी एकदा आडून विचारलं की पेशंटला आतलं बाहेरचं काही कळतं का. ते म्हणाले, बिल्कुल नहीं. कुणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा, मी वाचेन. मला सुचेल तेवढं सगळं सुचून झालंय.

एक राहिलं. ताईला मी हे सांगितलं ती दुपार.

त्याच वर्षीच्या जूनमधली गोष्ट. लाइट गेलेली, पंखा बंद, दिल्लीचा तो उकाडा. तिची लघवीची पिशवी कडेनं गळली आणि साडी, गादी सगळं भिजलं. मी तिला बाथरूममध्ये स्टुलावर बसवलं आणि खाली फरशीवर बसून नवीन पिशवी लावत होते. घामानं ती चिकटत नव्हती. एक वाया गेली, दुसरी वाया गेली. तिसरी हातात घेतली आणि मला रडू आलं. हात ओले, त्यामुळे डोळेही पुसता येईनात.

ती वरून म्हणाली, "दोन नको म्हटलं होतं ना मी?"

"हो."

"मग?"

तेव्हा मी सांगितलं. टक्-टक् पासून रामफलजींपर्यंत सगळं. ती ऐकत होती. मधे एकदाही थांबवलं नाही. माझं सांगून झाल्यावर म्हणाली, "मग त्या आवाजानं काय सांगितलं? हो म्हण म्हणून?"

"नाही. फक्त बोलावलं. पुढचं काही नाही."

"म्हणजे हो तूच म्हणालीस."

"मीच म्हणाले."

तिनं मान हलवली. रागानं नाही. माझ्या हातातली पिशवी घेतली, स्वतःच्या पदरानं कातडी कोरडी केली आणि पिशवी लावून तळहातानं दाबून धरली, ऊब लागून चिकटावी म्हणून. तशीच दाबून बसली असताना विचारलं,

"कसा होता गं आवाज? दमलेला होता?"

मी आठवून पाहिलं. "नाही. ड्यूटीवर असायचीस ना, तसा. अगदी ठणठणीत."

तिनं हात काढून पिशवीची कड बोटानं एकदा तपासली. मग म्हणाली, "मग मी नसेन बेबी. मी तेव्हा फार दमले होते."